ईस्ट कोकरच्या चर्चमधला एलियटचा स्मृतिफलक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टी. एस. एलियटची कविता वाचलेले मराठी वाचक कमी नाहीत. पण त्याची रक्षा कुठे ठेवली आहे असं विचारलं, तर पुष्कळजण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चचं नाव घेतात. ती तिथे नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यातल्या एका खेड्याच्या चर्चमध्ये ती आहे आणि तिथल्या भिंतीवर एक छोटा फलक आहे. त्या फलकाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी थोडक्यात सांगणं म्हणजे चुकीचं सांगणं झालं असतं.

हा फलक नेमका कुठे आहे?

ईस्ट कोकर या गावात, सेंट मायकल्स नावाच्या पॅरिश चर्चच्या आत. पॅरिश म्हणजे वसईकडचे कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात ते. एका गावाचं किंवा वस्तीचं चर्च, जिथे तिथल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी होतात. हे कॅथिड्रल नाही आणि राष्ट्रीय स्मारकही नाही. यॉविल या शहरापासून गाव थोड्याच अंतरावर आहे. घरं मधाच्या रंगाच्या हॅम हिल दगडाची आहेत. चर्चकडे चढणाऱ्या वाटेला लागून सतराव्या शतकातली, गरीब वृद्धांसाठी बांधलेली बैठी घरं आहेत. गावात शिरणाऱ्या काही जुन्या वाटा शतकानुशतकांच्या वापराने खोल खचल्या आहेत. दोन्ही बाजूंना उंच बांध आणि वर झाडांच्या फांद्या. एलियटच्या कवितेतली फांद्यांनी झाकलेली, भर दुपारी अंधारलेली वाट ती हीच.

फलकावर काय लिहिलं आहे?

मजकूर अगदी थोडा आहे. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा :

माझ्या आरंभात माझा अंत आहे.
आपल्या प्रीतीपोटी
टॉमस स्टर्न्स एलियट, कवी,
याच्या आत्म्याच्या विश्रांतीसाठी
प्रार्थना करावी.
२६ सप्टेंबर १८८८ – ४ जानेवारी १९६५
माझ्या अंतात माझा आरंभ आहे.

वरची आणि खालची ओळ त्याच्याच 'ईस्ट कोकर' या कवितेतली आहे. पहिली ओळ कवितेची सुरुवात आणि शेवटची ओळ कवितेचा शेवट. मधल्या चार-पाच ओळी मात्र कवितेतल्या नाहीत. इंग्लंडच्या जुन्या थडग्यांवर शतकानुशतकं कोरली गेलेली ती ठरावीक भाषा आहे. बहुतेकजण त्या दोन काव्यओळींचा फोटो काढतात आणि मधल्या मजकुरावरून नजर फिरवून पुढे जातात. मला वाटतं, फलकाचा जीव त्या मधल्या मजकुरात आहे. 'येथे एक थोर कवी चिरनिद्रा घेत आहे' असं तो म्हणत नाही. तो समोर उभ्या असलेल्या माणसाकडे काहीतरी मागतो.

मूळ इंग्रजीत 'चॅरिटी' असा शब्द आहे. मग इथे 'दानधर्म' किंवा 'दया' न म्हणता 'प्रीती' का?

हा प्रश्न आला की मला आनंद होतो. आजच्या इंग्रजीत चॅरिटी म्हणजे गरिबांना केलेली मदत. पण फलकावरचा शब्द त्या अर्थाचा नाही. लॅटिन 'कारितास' या शब्दातून तो आला आणि त्याचा अर्थ देवावरचं व शेजाऱ्यावरचं प्रेम. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात हाच शब्द येतो. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' या मराठी वाचकाच्या परिचयाच्या वाक्यात जिथे 'प्रीती' आहे, तिथे त्या इंग्रजी भाषांतरात 'चॅरिटी' आहे. मराठी बायबलने हा शब्द आपल्याला आयताच दिला आहे, तो सोडून 'दानधर्म' घेतला तर फलक भिक्षापात्रासारखा वाटू लागतो. मागणं आहे खरं, पण ते एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे प्रेमाच्या नात्याने केलेलं आहे.

फलकावरच्या 'रिपोज' या इंग्रजी शब्दासाठी मी 'शांती' ऐवजी 'विश्रांती' घेतलं, त्याचं कारण साधं आहे. 'आत्म्यास शांती लाभो' हे शब्द आता श्रद्धांजलीच्या बॅनरवर इतके झिजले आहेत की त्यांतून काही ऐकूच येत नाही.

मृतांसाठी प्रार्थना ही कॅथलिक पद्धत ना? मग अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये असा मजकूर कसा?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'आपल्या प्रीतीपोटी अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' हे वाक्य चर्चच्या फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर सर्रास असे. मेलेल्या माणसाचा आत्मा शुद्धिस्थानात असतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते, ही त्यामागची श्रद्धा. श्रीमंत लोक आपल्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना व्हावी म्हणून जमीनजुमला लावून ठेवत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली. १५४७ च्या कायद्याने अशा प्रार्थनांसाठीच्या देणग्या आणि संस्था बरखास्त झाल्या. अनेक ठिकाणी जुन्या पत्र्यांवरचे हे शब्द खरवडून काढले गेले. इंग्लंडच्या चर्चमधून ही भाषा जवळजवळ तीनशे वर्षं गायब होती.

१८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ उभी राहिली. इंग्लंडचं चर्च हे मूळ सार्वत्रिक चर्चचाच भाग आहे, सुधारणेपूर्वीचा वारसा त्याने टाकून देऊ नये, असं तिचं म्हणणं होतं. तिच्यातून अँग्लो-कॅथलिक प्रवाह आला आणि त्याच्याबरोबर मृतांसाठीची प्रार्थना परतली. पहिल्या महायुद्धात घराघरातली मुलं गेली, तेव्हा पुष्कळ साध्या भाविकांनाही या प्रार्थनेची गरज भासली.

एलियट याच प्रवाहातला. १९२८ मध्ये त्याने एका निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत आपली भूमिका उघडपणे सांगितली : साहित्यात अभिजातवादी, राजकारणात राजनिष्ठ आणि धर्मात अँग्लो-कॅथलिक. म्हणजे फलकावरची जुनी भाषा हौस म्हणून आलेली नाही. आपण मेल्यावर लोकांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी आणि त्या प्रार्थनेला अर्थ असतो, असं मानणाऱ्या माणसाचा तो फलक आहे. वाचक स्वतः काय मानतो हा वेगळा मुद्दा, पण हे लक्षात न घेता फलक वाचला तर तो अर्धाच वाचला जातो.

एलियट तर अमेरिकन. मग इंग्लंडच्या एका खेड्यात त्याची रक्षा कशी?

त्याचा जन्म मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसचा. आजोबा युनिटेरियन पंथाचे धर्मगुरू, तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक. घरात ख्रिस्ताच्या देवत्वापेक्षा सदाचार, शिक्षण आणि लोकसेवा यांवर भर. एलियट तरुणपणी इंग्लंडला आला आणि तिथेच राहिला. २९ जून १९२७ रोजी ऑक्सफर्डशरमधल्या फिनस्टॉक गावच्या चर्चमध्ये, दरवाजे बंद करून, त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. धर्म आणि देश दोन्ही त्याने वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी, समजून उमजून निवडले.

आणि ईस्ट कोकर? त्याचा पूर्वज अँड्र्यू एलियट सतराव्या शतकात, १६६९ च्या सुमारास, याच गावातून निघून मॅसॅच्युसेट्सला गेला. घराण्याची अमेरिकन शाखा तिथून सुरू झाली. ऑगस्ट १९३७ मध्ये एलियट गाव पाहायला आला. अडीचशेहून अधिक वर्षं त्याच्या कुळातलं कोणी तिथे राहत नव्हतं. आजोळ नव्हतं, वाडा नव्हता, शेताचा तुकडाही नव्हता.

आपल्याकडे मूळ गाव म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तीन पिढ्या मुंबईत काढलेला माणूसही 'गाव कुठलं?' असं विचारल्यावर कोकणातलं किंवा साताऱ्याकडचं नाव सांगतो. कुलदैवत तिथे असतं म्हणून वर्षा-दोन वर्षांनी जातोही. एलियटच्या बाबतीत ही साखळी आठ-नऊ पिढ्या तुटलेली होती. ती त्याने जोडली, तीही हक्क सांगून नव्हे. आपली रक्षा ईस्ट कोकरला न्यावी अशी इच्छा त्याने व्यक्त केली. तो ४ जानेवारी १९६५ रोजी लंडनमध्ये वारला, गोल्डर्स ग्रीनला दहन झालं आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, १७ एप्रिलला, रक्षा सेंट मायकल्समध्ये ठेवली गेली. पूर्वज ज्या चर्चच्या छायेतून बाहेर पडला, त्याच चर्चमध्ये वंशज परत आला.

'ईस्ट कोकर' ही कविता त्याने त्या गावात राहून लिहिली का?

नाही. गाव पाहिल्यावर दोनेक वर्षांनी, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यानंतर ती लिहिली गेली. १९४० च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लिश वीकली' या नियतकालिकाच्या ईस्टर अंकात ती पहिल्यांदा छापली गेली. पुढे 'फोर क्वार्टेट्स' या चार कवितांच्या मालेत ती दुसरी ठरली. कवितेच्या चौथ्या भागाचा शेवट गुड फ्रायडेवर होतो. ईस्टरच्या अंकात छापलेल्या या कवितेच्या कवीची रक्षा पंचवीस वर्षांनी ईस्टरच्याच पूर्वसंध्येला तिथे पोचली, हे मला फार बोलकं वाटतं.

त्या दोन ओळी एकमेकींच्या उलट का आहेत?

शेवटच्या ओळीमागे स्कॉटलंडच्या मेरी राणीचं ब्रीदवाक्य आहे. कैदेत असताना ती भरतकाम करी आणि तिच्या कापडावर 'माझ्या अंतात माझा आरंभ आहे' असे फ्रेंच शब्द होते. पुढे तिचा शिरच्छेद झाला. एलियटने ते वाक्य आधी उलटं करून कवितेच्या तोंडाशी ठेवलं आणि सरळ रूपात शेवटी आणलं.

या दोन ओळींत कवितेचा सगळा प्रवास आहे. सुरुवातीची ओळ उदास आहे. घरं बांधली जातात, पडतात, त्यांच्या जागी शेत येतं किंवा कारखाना. जन्मलेलं सारं मातीकडे चाललेलं आहे. मग मध्यरात्री माळावर शेकोटीभोवती नाचणारी जुन्या काळची माणसं दिसतात. तिथे कवितेत अचानक सोळाव्या शतकातली इंग्रजी येते. ती सर टॉमस एलियट या लेखकाच्या १५३१ च्या ग्रंथातली आहे आणि हा लेखकही याच कोकरच्या एलियट घराण्याचा. म्हणजे कवीने आपल्या कुळातल्या माणसाचे शब्द कुळाच्याच गावात नाचवले. तिथून अंधार, रुग्णालय, म्हातारपण, शब्दांशी झालेली झटापट, असं सगळं पार करत शेवटची ओळ येते आणि ती उदास राहत नाही.

फलकावर या दोन ओळींच्या मधे प्रार्थनेची विनंती आहे. कवितेत आरंभापासून अंतापर्यंतचं जे अंतर काही पानं घेतं, ते इथे एका विनंतीने भरलेलं आहे. फलक ज्याने मांडला त्याला कविता नीट कळली होती.

मग वेस्टमिन्स्टर ॲबीत काय आहे?

तिथे पोएट्स कॉर्नरमध्ये, म्हणजे कवी-लेखकांच्या स्मारकांच्या कोपऱ्यात, फरशीत बसवलेली स्मृतिशिला आहे. एलियटच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी, ४ जानेवारी १९६७ ला तिचं अनावरण झालं. तिच्यावर 'लिटल गिडिंग' या कवितेतल्या ओळी आहेत : मृतांचं बोलणं जिवंतांच्या भाषेपलीकडच्या अग्नीच्या जिभेने होतं, अशा अर्थाच्या. ती राष्ट्राने दिलेली मानवंदना आहे. रक्षा तिथे नाही.

लंडनमध्येही त्याचा एखादा चर्चमधला फलक आहे का?

आहे, आणि तो ईस्ट कोकरच्या फलकाशेजारी ठेवून वाचावा असा आहे. केन्सिंग्टन भागात ग्लॉस्टर रोडवर सेंट स्टीफन्स हे चर्च आहे. एलियट तिथे १९३४ पासून पंचवीस वर्षं चर्चवॉर्डन होता. चर्चवॉर्डन म्हणजे पाळकाबरोबर चर्चची व्यवस्था पाहणारा, लोकांतून निवडलेला माणूस. रविवारच्या दानाचा हिशेब, इमारतीची डागडुजी, चर्चच्या वस्तूंची जबाबदारी. जगातला सर्वांत नावाजलेला कवी दर रविवारी पैशांची ताटं घेऊन बाकांमधून फिरत असे. तिथला फलक त्याच्या या सेवेचा उल्लेख करतो, त्याच जुन्या शब्दांत प्रार्थना मागतो आणि खाली 'ईस्ट कोकर'च्याच शेवटच्या भागातल्या ओळी देतो.

केन्सिंग्टन कोर्ट गार्डन्समधल्या त्याच्या राहत्या इमारतीवर निळा गोल फलकही आहे. तो रस्त्यावरच्या माणसाला माहिती देतो : हा कवी इथे राहिला आणि इथेच वारला. माहिती देणं, मान देणं आणि मागणं, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

नोबेल पारितोषिकाचा उल्लेख फलकावर का नाही?

१९४८ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल आणि त्याच वर्षी ब्रिटिश राजाकडून 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळालं. ईस्ट कोकरच्या फलकावर यातलं काही नाही. नावापुढे एकच शब्द : कवी. माझ्या मते यात विनयाचा देखावा नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याची पारितोषिकं सांगून उपयोग काय? त्याने आयुष्यभर काय काम केलं एवढं पुरे. गावच्या चर्चमध्ये सुतार, शेतकरी, शिक्षक असे उल्लेख जितक्या सहजपणे येतात, तितक्याच सहजपणे इथे 'कवी' आला आहे.

त्याच चर्चमध्ये एका दर्यावर्दीचाही फलक आहे म्हणतात. तो कोण?

विल्यम डॅम्पियर. १६५१ मध्ये ईस्ट कोकरलाच जन्मला. आधी समुद्री लुटारूंच्या टोळ्यांत, मग निरीक्षक, नकाशाकार आणि कप्तान. पृथ्वीला तीन वेळा प्रदक्षिणा घालणारा पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो. वारे, प्रवाह, झाडं, प्राणी यांच्या त्याने केलेल्या नोंदी पुढच्या अनेक पिढ्यांतल्या खलाशांनी आणि निसर्गअभ्यासकांनी वापरल्या.

एकाच लहान चर्चमध्ये हे दोघे असणं मला विलक्षण वाटतं. अँड्र्यू एलियट गाव सोडून निघाला तेव्हा डॅम्पियर तिथलाच सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. आणि 'ईस्ट कोकर'च्या अखेरीस एलियट म्हणतो की म्हाताऱ्यांनी शोधप्रवासी व्हायला हवं. त्यानंतर कविता गावाची वाट सोडून थेट अफाट पाण्याकडे, लाटांच्या आणि वाऱ्याच्या आरोळीकडे, समुद्रपक्ष्यांकडे जाते. डॅम्पियरचा फलक पाहून आल्यावर ती जागा पुन्हा वाचा.

इंग्लंडच्या चर्चमध्ये कोणालाही असा फलक लावता येतो का?

सहजासहजी नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये खिळा ठोकण्याइतक्या किरकोळ गोष्टी सोडल्या तर कुठल्याही बदलासाठी धर्मप्रांताची कायदेशीर परवानगी लागते. तिला 'फॅकल्टी' म्हणतात. आधी गावच्या चर्चची परिषद ठराव करते, मग धर्मप्रांताची सल्लागार समिती इमारत, दगड, अक्षरं, जागा यांविषयी मत देते आणि शेवटी चान्सलर हा धर्मप्रांताचा न्यायाधीश निर्णय देतो. ईस्ट कोकर बाथ अँड वेल्स या धर्मप्रांतात येतं. चर्चच्या आतल्या भिंती सगळ्या गावाच्या आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या आहेत असं मानलं जातं, म्हणून आतला फलक अपवाद असतो. त्या माणसाचं त्या गावाशी, चर्चशी किंवा देशाच्या जीवनाशी असलेलं नातं खरोखर असाधारण असावं लागतं. नुसतं कुटुंबाचं प्रेम पुरत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. आपल्याकडे प्रत्येक पायरीवर आणि प्रत्येक फरशीवर देणगीदाराचं नाव कोरलेली मंदिरं पाहिली की त्याची किंमत कळते.

इतर कवींचे असे चर्चमधले फलक आहेत का?

पुष्कळ आहेत. तीनच सांगतो.

टॉमस ग्रेची खेड्यातल्या दफनभूमीवरची विलापिका १७५१ मध्ये छापली गेली आणि इंग्रजी वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ती कधी ना कधी वाचली आहे. ग्रे १७७१ मध्ये वारला आणि बकिंगहॅमशरमधल्या स्टोक पोजेसच्या चर्चच्या आवारात, आईच्याच थडग्यात त्याला ठेवण्यात आलं. थडग्यावरचा मजकूर ग्रेने आईसाठी लिहिलेला आहे. अनेक मुलांची ती काळजीवाहू, मायाळू आई, आणि त्यांपैकी एकट्यालाच तिच्यामागे जगण्याचं दुर्दैव लाभलं, असं त्यात म्हटलं आहे. त्या दगडावर त्याचं स्वतःचं नाव नाही. म्हणून समोरच्या चर्चच्या भिंतीत एक साधी पाटी बसवलेली आहे : ज्या थडग्यावर त्याने आपलं मातृवियोगाचं दुःख नोंदवलं, त्याच थडग्यात तो आहे. माझ्या मनात एलियटच्या फलकाच्या बरोबरीला बसणारी ही एकच पाटी आहे.

कीट्स रोममध्ये वारला आणि तिथल्या दगडावरही त्याने आपलं नाव येऊ दिलं नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड पॅरिश चर्चमध्ये १८९४ मध्ये त्याचा संगमरवरी अर्धपुतळा बसला, तोही अमेरिकन चाहत्यांनी दिलेला. जॉर्ज हर्बर्ट हा कवी सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनच्या चिमुकल्या चर्चमध्ये पाळक होता, १६३३ मध्ये तो तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला.

मराठी वाचकाने या फलकाची एवढी चौकशी का करावी?

एक कारण सर्वांना माहीत आहे. एलियट हार्वर्डमध्ये १९११ पासून दोन वर्षं संस्कृत शिकला, पतंजलीची योगसूत्रंही अभ्यासली. १९२२ च्या 'द वेस्ट लँड'चा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या मेघगर्जनेने होतो : दत्त, दयध्वम्, दाम्यत, आणि मग तीनदा शांतिः. उपनिषदात क्रम दाम्यत, दत्त, दयध्वम् असा आहे. एलियटने 'द्या' सर्वांत आधी आणलं आणि 'आवरा' शेवटी. 'फोर क्वार्टेट्स'मधल्या तिसऱ्या कवितेत तो कृष्ण आणि अर्जुनाचा संवाद आठवतो.

दुसरं कारण आपल्या घरातलं. मर्ढेकरांनंतरची मराठी कविता ज्या वळणाने गेली, त्याची चर्चा एलियटचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. महानगर, यंत्र, पोकळ झालेली माणसं आणि त्यातही टिकून राहिलेली ईश्वराची आस, या धाग्यांवर दोघांची तुलना समीक्षकांनी वारंवार केली आहे. नुसती प्रतिमांची उसनवारी शोधणारी तुलना मला कधीच पटली नाही. मर्ढेकरांच्या कवितेत संतांच्या ओवी-अभंगाचा सूर ज्या कळकळीने येतो, ती कळकळ आणि एलियटची जुन्या प्रार्थनेच्या भाषेकडे जाण्याची ओढ, ही खरी शेजारची घरं आहेत.

मी ख्रिस्ती नाही. तिथे उभं राहून प्रार्थना करावी का?

हा प्रश्न अनेकांनी संकोचून विचारला आहे. फलक वाचणाऱ्याचा धर्म विचारत नाही. चर्चमध्ये कोणी अडवतही नाही. ज्याला जमेल त्याने आपल्या भाषेत दोन शब्द म्हणावेत, ज्याला जमत नाही त्याने क्षणभर शांत उभं राहावं.

पंढरपूरला महाद्वारातली नामदेवांची पायरी आठवा. वारकऱ्यांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी एवढंच नामदेवांचं मागणं होतं, आणि आजही लोक त्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जातात. दोन्ही श्रद्धा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करायची गरज नाही. पण देवळाच्या दारात राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे काही मागणारा कवी आपल्याला अनोळखी नाही. त्यामुळे फलकासमोर मराठी माणूस गोंधळून जाण्याचं कारण नाही.

तिथे जायचं कसं?

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून यॉविल जंक्शनला गाडी जाते, साधारण अडीच तास लागतात. तिथून गाव चारेक किलोमीटर. टॅक्सीने किंवा, पाऊस नसेल तर, चालत. रविवारी सकाळी उपासना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा किंवा मागच्या बाकावर बसा. फोटो काढायला हरकत नसते, पण आत कोणी प्रार्थनेला बसलं असेल तर कॅमेरा खिशातच राहू द्या. फलकाला हात लावू नका, कागद ठेवून ठसा घेऊ नका. बाहेर पडताना दानपेटी दिसेल, जुन्या दगडी चर्चचं छप्पर गावच्या लोकांनाच सांभाळावं लागतं.

जाण्याआधी काय वाचावं?

'ईस्ट कोकर' एकदा मोठ्याने, सलग. पंधरा मिनिटांच्या आत होते. अर्थ अडला तरी थांबू नका, पुढे चला. मग पाचवा भाग पुन्हा वाचा. दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं बरीचशी वाया गेली, शब्द वापरायला शिकायचा प्रत्येक प्रयत्न नव्याने सुरू होतो आणि वेगळ्या तऱ्हेने फसतो, असं पन्नाशी गाठलेला कवी तिथे सांगतो. आपल्या हाती फक्त प्रयत्न आहे, बाकीचं आपलं काम नाही, असंही म्हणतो. गीतेतला कर्मयोग शाळेत पाठ केलेल्या माणसाला ती ओळ अडणार नाही. तो भाग डोक्यात ताजा असताना चर्चचं दार ढकला आणि फलकावरच्या मधल्या ओळी आधी वाचा.